डावा आरसा

मी भित्री आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही असू द्या. पाल, लिफ्ट, कुलूप लावलं की नाही ही शंका, मुलीच्या शाळेतून अवेळी येणारा फोन, मी कशालाही घाबरते. त्यात गाडी चालवणं फार वरच्या नंबरावर. तरी मी रोज गाडी चालवते, कारण माझी शाळा आर्वीपासून आत एका खेड्यात आहे आणि तिकडची एसटी आपल्या मर्जीने येते. स्कूटीवरून पडून मी हात मोडून घेतला तेव्हा नवऱ्याने एक जुनी छोटी कार घेऊन दिली. तो नोकरीसाठी चंद्रपूरला असतो, त्यामुळे घेऊन दिली आणि मोकळा झाला. शिकवायचं काम बाबांच्या गळ्यात पडलं.

बाबा म्हणजे माझे वडील. जन्मभर एसटीत ड्रायव्हर, आर्वी डेपोतून रिटायर झालेले. आई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. घरात आम्ही तिघंच: ते, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी.

गाडी शिकवताना बाबांनी पहिले कित्येक दिवस मला इंजिन सुरूच करू दिलं नाही. अंगणात उभ्या गाडीत बसवायचे. आधी सीट पुढे ओढायला लावायचे, मग मधला आरसा, मग उजवा, मग डावा. हे झालं की स्वतः गाडीभोवती फिरत विचारायचे, आता मी कोणत्या आरशात आहे सांग. बंद गाडीतही माझ्या तळहातांना घाम यायचा. ते समजावून सांगत की एसटीत गाडी कोणा एकाची नसते. सकाळी एक ड्रायव्हर नेतो, दुपारी दुसरा. म्हणून ड्युटीवर चढलेला माणूस आधी आरसे आपल्या उंचीला आणि आपल्या नजरेला लावून घेतो. आधीच्याने ते कसे ठेवले म्हणून कुरकुर करायची नाही, कारण त्याच्या डोळ्यांना ते बरोबरच होते. बाबांच्या शिकवणीतलं एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. क्लच मला अजून नीट कळलेला नाही.

मुलीला गिटारचं वेड लागलं ते आमच्या विहारात. एप्रिलच्या कार्यक्रमासाठी एक मुलगा तिथे पोरापोरींची गाणी बसवत होता, त्याच्याकडे गिटार होती. कार्यक्रम झाला, त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि हिचं वेड मागे राहिलं. आर्वीत शिकवणारं कोणी मिळेना. वर्ध्याला एक सर मिळाले, शनिवारी दुपारचा क्लास. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, पण घरी आल्यावर आर्वीत कसली ना कसली मिटिंग निघतेच. आणि खरं सांगायचं तर मिटिंग नसती तरी मी वर्धा रोडवर गाडी घातली नसती. कापसाचे ट्रक, गिट्टीचे टिप्पर आणि त्यांच्या फटीतून अंगावर येणाऱ्या मोटरसायकली. माझी धाव शाळेच्या फाटकापर्यंत.

मग बाबा म्हणाले, मी नेतो पोरीले. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. शनिवारी ते सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, माझी गाडी शाळेतून परत कधी येते याची वाट पाहत ओसरीवर बसत. आजोबा पुढे, नात त्यांच्या शेजारी, गिटार मागच्या सीटवर झोपवलेली. ते गेले की संध्याकाळपर्यंत माझा जीव टांगणीला. पण ती भीती सवयीची होती. बाबा चालवत आहेत म्हटल्यावर तिला तसा काही अर्थ नव्हता.

सोमवारी गाडीत बसले की सगळं बाबांच्या मापाचं झालेलं असायचं. सीट मागे गेलेली, मधला आरसा वर उचललेला. ते ठीकच होतं, मी माझ्या मापाचं करून घ्यायची. घोळ होता तो डाव्या आरशाचा. त्यात मला रस्ता दिसायचाच नाही. कपाशी दिसायची, नाहीतर कोणाचं तरी कुंपण. आरसा इतका बाहेरच्या अंगाला वळवलेला असायचा की ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एकदा झालं, दोनदा झालं, मग दर सोमवारी. मला आरसे लावायला शिकवणारा माणूस असा आरसा घेऊन वर्ध्याला जाऊन येतो, हे मला पटेना.

बाबांना विचारलं तर म्हणाले, ढिला झाला असन, हादरे बसतात. मी गॅरेजमध्ये नेला. मिस्त्रीने हलवून पाहिला आणि म्हणाला, हा तर घट्ट आहे ताई, कोणीतरी हाताने वळवतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौदा वर्षांची पोरगी, डाव्या सीटवर, खिडकीबाहेर आरसा आणि आत तो वळवायची दांडी. केस सारखे करायला याहून सोयीची जागा कुठली. त्या रात्रीच्या जेवणाला मी तिला चांगलं फैलावर घेतलं. तुझ्या तोंड बघण्याच्या हौसेपायी आजोबांना मागची गाडी दिसणार नाही, कोणाचा जीव जाईल, काही कळतं का. ती ताटाकडे बघत "हो" म्हणाली. एरवी एका वाक्याला तीन वाक्यं परत करणारी मुलगी. बाबा दोनदा खाकरले आणि त्यांनी भाजी मागितली. मला मात्र आपण फार बारीक नजरेच्या आई आहोत असं वाटलं.

पुढच्या सोमवारी आरसा पुन्हा कपाशीत होता.

त्याच सुमाराला गिटारचं दुखणं सुरू झालं. शनिवारी क्लासला मुलीची बोटं चालेनात. सरांचा फोन आला की तिचा डावा हात कडक होतो, तारा दाबताना बोटं थरथरतात, खांदा कानापर्यंत वर चढलेला असतो. त्यांचं म्हणणं पडलं की गिटार तिच्या हाताला मोठी पडते आहे. तारा पट्टीपासून उंच आहेत, छोट्या बोटांना फार जोर लावावा लागतो. त्यांनी एक चावी फिरवून गिटारची मान सरळ केली, तारांखालची पट्टी घासून बसकी केली. नंतर पातळ तारा घातल्या. नंतर खांद्याचा पट्टा आखूड केला. मग पायाखाली ठेवायला छोटं स्टूल आलं. वाद्य मुलाला बसलं पाहिजे, मूल वाद्याला नाही, असं सर म्हणत आणि मला ते फार पटे. पहिलीच्या पोरांना चौथीच्या बाकावर बसवलं की त्यांचं अक्षर कसं बिघडतं हे मी रोज बघते.

पण कितीही बसवलं तरी शनिवारी ते बसेना. गंमत अशी की रविवारी दुपारी घरात हीच मुलगी हीच गिटार घेऊन मजेत वाजवायची. खांदा जागेवर, बोटं मोकळी. शनिवार उजाडला की पोटात दुखायला लागायचं. पोळी अर्धी टाकून उठायची. संध्याकाळी घरी आली की गिटार कोपऱ्यात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. क्लासला जायचं नाही का म्हटलं तर, जायचं आहे. मग होतंय काय, तर काही नाही.

आता मी भित्री बाई, त्यात मुलीची आई, त्यात शाळेत शिक्षिका. मुलीच्या पोटात ठरावीक दिवशी दुखतं म्हणजे काय काय असू शकतं याची आमची प्रशिक्षणंसुद्धा झालेली. शनिवार, बंद खोली, एकटे सर. माझ्या मनात जे आलं ते लिहायलाही मला नको वाटतं. मी तिला आडून आडून विचारलं. सर चांगले आहेत, असं ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. मी दोन दिवस वर्गात काय शिकवत होते मला आठवत नाही. ज्या माणसावर नुसता संशय होता त्याचा मी त्या दिवसांत इतका तिरस्कार केला की पुढे त्यांच्याशी नजर मिळवताना मला जड गेलं.

शेवटी मी ठरवलं की न सांगता शनिवारी आपण बरोबर जायचं. मिटिंगला येत नाही म्हणून कळवलं. गाडी निघायच्या वेळी पर्स घेऊन मागच्या सीटवर गिटारला खेटून जाऊन बसले. दोघांचेही चेहरे उतरले. बाबा म्हणाले, तुह्यी मिटिंग हाय न. मी म्हटलं, रद्द झाली. मुलगी म्हणाली, आई, तू तिथे येऊन काय करणार, बोअर होशील. तिचा आवाज बारीक झाला होता. माझा संशय खरा आहे, बाबांनाही काहीतरी माहीत आहे आणि दोघं मिळून माझ्यापासून लपवत आहेत, याची माझी खात्री झाली. लपवत होतेच. काय, ते मला कळलं नव्हतं.

गाडी गल्लीतून निघाली तशी मुलीने माझ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं आणि हळूच ती दांडी फिरवली. आरसा बाहेर वळला. मी तोंड उघडलंच होतं. पण ती केस बघत नव्हती. मी मागून तिचा अर्धा चेहरा बघत होते. ती आरशात मागचा रस्ता बघत होती. डोळ्यांची पापणी हलत नव्हती.

चौकात तिने डॅशबोर्डवर बोटांनी दोनदा टकटक केली आणि बाबांनी गाडी डावीकडे वळवली. मला वाटलं, गाण्याचा ठेका असेल. गाव सुटलं. पुढे एक बैलगाडी होती. बाबांनी ती मागे टाकली, पण लगेच आपल्या बाजूला आले नाहीत. रस्त्याच्या मधोमध चालवत राहिले. समोरून टिप्पर येत होता. माझे पाय आपोआप सीटखाली ब्रेक शोधू लागले. मुलीने आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, दोनदा टकटक केली, मग गाडी डाव्या बाजूला आली. पुढे एका मोटरसायकलवाल्याने डावीकडून घुसायला पाहिलं तेव्हा तिने एकदाच टकटक केली आणि बाबांनी वेग कमी केला. एसटीत वाढलेल्या माणसाला हे समजायला नको का. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. लहानपणी सुट्टीत बाबांच्या गाडीतून मी किती फिरले होते, ती दोरी ओढायला मिळावी म्हणून कंडक्टरच्या किती मागे लागले होते. तरी मला वाटलं, आजोबा आणि नातीचा खेळ चालला आहे. मला थोडा हेवाही वाटला.

वाटेतल्या एका गावात बाजार होता. रस्त्याच्या कडेला भाजीची दुकानं लागलेली, माणसं रस्त्यावर उतरलेली. डाव्या बाजूने एक बाई चालली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपलं, हाताला लहान पोर. मला ती लांबूनच दिसत होती. ती रस्ता ओलांडायच्या बेतात आहे हेही कळत होतं, कारण ती पोराचा हात ओढत होती. बाबांनी वेग कमी केला नाही. मला वाटलं, आता करतील. मुलीने डॅशबोर्डवर मूठ आपटली आणि म्हणाली, "आजोबा, थांबा."

गाडी करकचून थांबली. गिटार माझ्या मांडीवर येऊन आदळली. ती बाई बॉनेटच्या अगदी समोर होती, तिचं पोर बंपरला हात टेकून उभं होतं. तिने आम्हाला दोन शिव्या दिल्या आणि पोराला ओढत निघून गेली. आणि बाबा पुटपुटले, "हे कुठून आली?"

ती कुठूनही आलेली नव्हती. ती सगळा वेळ तिथेच होती.

मी विचारलं, "बाबा, थे बाई तुम्हाले दिसली नाई?"

ते म्हणाले की दिसली, म्हणून तर थांबलो. मुलीची मूठ अजून डॅशबोर्डवरच होती. मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. तेवढ्यासाठीसुद्धा ते थांबून राहिले. मुलीने दोनदा टकटक केल्यावर त्यांनी गाडी डावीकडे घेतली.

आम्ही दोघं खाली उतरलो. बाबा समोर रस्त्याकडे बघत मला समजावत होते की बाजारात असं होतच असते, बाया पाहत नाहीत, तू उगाच भेऊन राह्यली. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. मी माझा हात त्यांच्या डाव्या कानाजवळ उचलला आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणला. ते बोलतच होते. हात गालापाशी आला, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आला, ते बोलतच होते. नाकासमोर आल्यावर दचकून मागे सरकले. मग बोलायचे थांबले.

मी विचारलं, कधीपासून. खिडकीतून मुलगी म्हणाली की दिवाळीच्या आधीपासून. मला सांगितलं का नाही, असं मी ओरडलेच. बाजारातली माणसं बघायला लागली. ती रडली नाही, घाबरलीही नाही. ती म्हणाली, "आजोबा म्हणाले, तुह्या मायले सांगू नको, थे भेते."

मला राग आला. आपल्या वडिलांवर असा राग मला कधी आला नव्हता. माझी पोर त्यांनी महिनोन्महिने त्या सीटवर बसवून नेली होती, भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर, आणि कोणाच्याही मरणाची जबाबदारी तिच्या दोन बोटांवर ठेवली होती. मी त्यांना काही बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर भर बाजारात त्यांची अब्रू काढली असती. फक्त हात पुढे केला. त्यांनी चावी दिली.

मग दुसरी भीती उभी राहिली. आर्वी मागे राहिली होती, वर्धा पुढे होतं आणि गाडी चालवणारी मी होते. मी सीट पुढे ओढली. मधला आरसा खाली घेतला, उजवा लावला. डावा लावायला मुलीला सांगितलं तर तिचा हात दांडीवर तसाच राहिला. मी वाकून स्वतः फिरवला. त्यातून कपाशी गेली, मागचा रस्ता आला. गाडी दोनदा बंद पडली. बाबा मागे गिटारशेजारी जाऊन बसले होते.

त्या रस्त्यावर मी मुलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आरसा आता तिच्यासाठी नव्हता, तरी ती तशीच बसली होती. कमरेपासून डावीकडे वळलेली, डावा खांदा कानाला टेकलेला, डाव्या हाताची मूठ आवळून पांढरी पडलेली. अशी ती दर शनिवारी तासापेक्षा जास्त वेळ बसायची आणि गाडीतून उतरून त्याच हाताने तारा दाबायला जायची. आणि आम्ही तारा बसक्या केल्या, पट्टा आखूड केला, पायाखाली स्टूल ठेवलं. मी तिला म्हटलं, पुढे बघ, आता तुला बघायचं नाही. तिने मान सरळ केली. थोड्या वेळाने ती पुन्हा डावीकडे गेली.

क्लासला गेलो नाही. सरळ वर्ध्याजवळच्या सावंगीला दवाखान्यात गेलो. मला ट्रकमागून ट्रक ओलांडून गेले, हॉर्न वाजले, एकाने खिडकीतून हात काढून काहीतरी म्हटलं. मी तोंडाने सतत काहीतरी पुटपुटत होते. काय, ते माहीत नाही.

बाबांना तपासायला आत नेलं. डोक्यापुढे मोठी गोल वाटी असलेलं एक यंत्र होतं. त्यात बारीक दिवे लागतात आणि दिसला दिवा की बटण दाबायचं. बाहेर बाकावर मी आणि मुलगी. आतून बटणाचा आवाज येत नव्हता, निदान मला तरी. मी तिला विचारलं की तुला भीती नाही का वाटली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "दर वेळी वाटायचं, आज मी चुकणार. मी एकदा चुकले की कोणीतरी मरणार आणि सगळे आजोबांना धरतील."

मी तिला जवळ घेतलं. तिचा खांदा लाकडासारखा होता.

डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याच्या कडा जायला लागलेल्या. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांनी राखायचं. गाडी चालवायची नाही. बाबा डेपोतल्या साहेबांसमोर उभे राहावं तसे उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, की उजव्या डोळ्याने हळूहळू चालवता येईल का, फक्त पोरीच्या क्लासपुरती. डॉक्टर नाही म्हणाले. बाबा म्हणाले, बरं साहेब.

घरी आल्यावर मी भांडणार होते. मनात सगळं लावून ठेवलं होतं. पण बाबांनी भांडायला काही ठेवलंच नाही. ते वेळेवर थेंब टाकायचे, जेवायचे, ओसरीवर बसायचे. मी गाडी मागे घेत असताना आधी ते फाटकाशी उभे राहून हात दाखवायचे, ते बंद झालं. त्यांच्या डाव्या बाजूला कोणी बोलायला आलं की ते सबंध अंग वळवायचे. आधीही वळवत असणार. मी मात्र ते आता पाहायला लागले, आणि आता मला उठता बसता त्यांच्या उजव्या डोळ्याची भीती वाटायला लागली. रोज सकाळी मी काही ना काही निमित्त काढून लांबून त्यांना काहीतरी दाखवायची. कॅलेंडर, झाडावरचा पक्षी. ते ओळखायचे आणि माझं निमित्त त्यांना कळलं आहे हे लपवायचेही.

मुलगी म्हणाली, मला क्लास नको. मी म्हटलं, जायचं, मी नेते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मग मी रोज शाळेतून येताना गाडी वर्धा रोडवर थोडी पुढे नेऊन परत आणू लागले. काही सुधारणा झाली असं नाही. घाम येतो तो येतोच. पण घाम पुसता पुसताही गाडी चालते, एवढं कळलं.

मग क्लासचा शनिवार आला. बाबा म्हणाले होते की मी घरीच थांबतो. गाडी निघायच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि काही न बोलता पुढच्या डाव्या सीटवर बसले. मुलगी त्यांच्या दारापाशी उभीच राहिली. मी तिला मागे बसायला सांगितलं. ती म्हणाली, मग तुझ्या डाव्या बाजूचं कोण बघणार. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, तुला जमेल? मी म्हटलं, नाही जमलं तर हळू जाईन. तिला ते पटलं नाही, पण ती मागे बसली, गिटार मांडीवर घेऊन.

मी हळू गेले. मागून येणारा प्रत्येक जण मला ओलांडत होता. तीनही आरसे माझ्या मापाचे होते आणि तिन्हींत मला भीतीच दिसत होती. बाजाराचं गाव आलं, त्या दिवशी बाजार नव्हता, रस्ता मोकळा होता, तरी मी वेग आणखी कमी केला. ते गाव मागे गेलं. मागच्या सीटवरून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं, रुसली असेल.

बाबांनी सबंध अंग वळवून मागे पाहिलं. खूप वेळ पाहत राहिले. मग समोर बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरगी झोपली."

पुढे ट्रक होता, मी त्याच्या मागेच राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "माह्या एसटीत लोकं बसल्या बसल्या झोपत. आर्वी सुटली का अर्धी गाडी झोपून जाय. हे पोरगी माह्याजवळ एकदाबी नाई झोपली." आणि मग, काचेबाहेर बघत, "मले वाटे, तिले मजा येते."

वर्ध्याला क्लासच्या दारात मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. ती उठली नाही. तोंड थोडं उघडं, खांदा खाली सैल पडलेला, हात गिटारवरून निसटलेला. क्लासची वेळ झाली होती, आतून दुसऱ्या मुलांचं वाजवणं ऐकू येत होतं. तिला उठवायचा धीर मलाही झाला नाही आणि बाबांनाही नाही. आम्ही दोघं पुढे बघत तसेच बसून राहिलो.